नऊ मिलिरेम

आईने तो जीन्सबरोबर धुतला.

डिसेंबर २०१६. मी सव्वातीन वर्षांनी घरी आले होते. पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि नऊला डोळे मिटायचे. त्या दिवशी उठून मागीलदारी गेले तर दोरीवर बाबांची लुंगी, माझी जीन्स, दोन टॉवेल आणि त्यांच्या शेजारी, स्वतःच्याच चिमट्याने दोरीला धरून बसलेला माझा डोसिमीटर बॅज. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा चौकोन, त्यावर माझं नाव आणि नंबर. तो प्रयोगशाळेच्या दारातल्या फळीवर राहायला हवा होता. निघायच्या दिवशी गडबडीत खिशातच राहिला आणि माझ्याबरोबर दोन विमानं बदलून चिंचणीजवळच्या आमच्या गावी आला. "खिशात होतं," आई म्हणाली. "साबण लागला, पण नीट पुसलंय." तिचा चेहरा जरा पडला होता, महागाची वस्तू खराब केली की काय म्हणून. मी म्हटलं, "काही नाही होत गं. मी रिॲक्टरपाशी काम करते ना, तिथे अंगावर किती किरणं पडली ते यात साठत जातं. दोन महिन्यांनी हा पाठवायचा, मग ते मोजून कळवतात." ती टॉवेल झटकून सरळ करत होती. "म्हणजे अंगावर पडलेलं मोजतात?" "हो." "मग आमचा कुठंय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रेशनकार्डावर आपलं नाव चढलं का, हे ज्या सुरात विचारतात त्या सुरात तिने विचारलं. मी लगेच सांगायला लागले. किरणांपाशी काम करणाऱ्यांनाच बॅज असतो. गावातल्या प्रत्येकाला तो लावावा लागत नाही, कारण परिसराचं वेगळं मोजमाप होतं. तारापूरच्या अणुवीज केंद्राभोवती तीस किलोमीटरपर्यंत माती, पाणी, दूध, भाजी आणि मासे यांचे नमुने घेतात. हे काम केंद्र सुरू व्हायच्या आधीपासून चालू आहे. सामान्य माणसासाठी निसर्गाखेरीजच्या किरणांना वर्षाला १ मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट हे किरणांच्या डोसाचं माप) मर्यादा आहे, आणि निसर्गाकडून जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट माणसाला तसंही मिळतच असतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. आईने सगळं ऐकून घेतलं, बादली उचलली आणि म्हणाली, "बरं."

ते 'बरं' मी परत जाताना बरोबर घेऊन गेले.

आमचं घर तारापूरच्या केंद्रापासून सरळ रेषेत दहा किलोमीटरच्या आत आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ला वीज विकायला लागल्या, तेव्हा बाबा शाळेतही जात नव्हते. म्हणजे आमच्या घराला 'केंद्राच्या आधी' असा काळ आजीपुरताच आठवणीत होता. आम्ही तिकडे भीतीने बघत नव्हतो आणि अभिमानानेही नाही. 'केंद्रात लागला' म्हणजे मुलगा मार्गी लागला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, तेव्हा पोफरणची मावशी नव्या वसाहतीत राहायला गेली. ती आमच्याकडे आली की दाराकडे तोंड करून बसायची. जुन्या घरात दारातून समुद्र दिसायचा, ती सवय गेली नव्हती. लहानपणी एकदा शाळेत आणीबाणीचा सराव झाला होता. खिडक्या लावून घ्या, घराबाहेर पडू नका, तोंडावर ओला रुमाल धरा. आम्ही पोरांनी तो तास मजेत काढला. एकट्या बाई मात्र मधल्या वेळेत उठून खिडक्यांच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासत होत्या. किरणं म्हणजे काय हे मला पुढे खूप वर्षांनी शिकवलं गेलं. पण ज्याला वास नाही, रंग नाही, त्याच्यासाठी कडी लावायची असते, हे मी त्या दिवशी बाईंच्या हाताकडे बघून शिकले.

बाबा डायमेकर. आमच्या भागात घरोघरी हा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याचा उलटा आकार कोरायचा, मग त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून फूल, पान, मणी उठवतात. पडवीत खिडकीपाशी त्यांची बैठक. डोळ्याला भिंग, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी, आणि सकाळपासून टिक-टिक-टिक असा आवाज, जो बंद झाला की घरात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. जिथे दागिन्याला फुगवटा हवा तिथे पोलादात खड्डा. बाबा सगळं उलटं बघायला शिकले होते. एक पाकळी चुकली की ठोकळा घासून पुन्हा पहिल्यापासून. तसं झालं तर ते चिडत नसत, उठून अंगणात जाऊन पाणी पीत आणि परत येऊन बसत. मी संशोधन कुठे शिकले असं कोणी विचारलं तर मी विद्यापीठाचं नाव सांगते, पण बसायला मी पडवीत शिकले.

११ मार्च २०११ला मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्हीसमोर सगळे उभे होते, ताटं हातात. भूकंप झाला तशा फुकुशिमाच्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, जशा व्हायला हव्या होत्या तशाच. पन्नासेक मिनिटांनी समुद्र आत आला आणि पंपांना वीज देणारी जनरेटरं बुडाली. पुढच्या दिवसांत तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. मला झोप येईना ती एकाच गोष्टीने. बंद झालेली वस्तू वितळते कशी? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच जातीच्या, उकळत्या पाण्याच्या. घरी फोन केला तर आई म्हणाली, "इथे सगळं नेहमीसारखं आहे, तू जेवलीस का?" मग मी ग्रंथालयात जाऊन वाचलं. अणू फुटायचं थांबलं तरी त्याचे फुटलेले तुकडे धुमसत राहतात. भट्टी बंद केल्या क्षणी तिच्या पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता तशीच निघत असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण फुकुशिमाची दुसरी भट्टी २,३८१ मेगावॅट उष्णता देणारी होती. तिचा एक टक्का म्हणजे जवळजवळ २४ मेगावॅट, तेही कुठलंच बटण दाबून बंद न होणारे. वाचताना मला आजीची चूल आठवली. रात्री ती निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची आणि सकाळी राख सारून फुंकर घातली की लाल डोळा उघडायचा. 'विझली' आणि 'निवली' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते ती कधी एकमेकांच्या जागी वापरायची नाही. बंद झालेली भट्टी विझलेली असते, निवलेली नसते. पंप नसताना, वीज नसताना, तिथे माणूसही नसताना तिला निववायचं कसं, यावर मी पीएच.डी. करायचं ठरवलं. घरच्यांनी विचारलं, अणूतच का? मी म्हटलं, आपल्या शेजारी आहे म्हणून.

२०१३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पोचले. विभागाची स्वतःची भट्टी होती, १ मेगावॅटची, ट्रायगा जातीची. पहिल्यांदा भट्टीच्या टाकीवरच्या पुलावर उभी राहून खाली बघितलं तो दिवस मी विसरणार नाही. सात-आठ मीटर खोल नितळ पाणी, तळाशी उभ्या कांड्यांचा जुडगा, आणि ऑपरेटरने शक्ती वाढवत नेली तसा त्या कांड्यांभोवती निळा प्रकाश चढत गेला. आई पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची, तेव्हा बादलीत पुरचुंडी बुडवली की निळा धूर पाण्यात उतरायचा, पहिल्या क्षणी अगदी तसा. फरक इतकाच की नीळ पसरत जाते, हा निळा आपल्या जागी थांबला होता आणि आतून उजेड देत होता. ट्रॉम्बेची पहिली भट्टी ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झाली. २० जानेवारी १९५७ला पंडित नेहरूंनी तिचं नाव 'अप्सरा' ठेवलं, ते या प्रकाशावरून. शाळेत ते नाव पाठ केलं होतं, अर्थ त्या पुलावर कळला. नंतर ऑपरेटरने पल्स करून दाखवला. हवेच्या दाबाने एक कांडी झटक्यात वर उडते, 'ढप्' असा आवाज, पाण्यात निळी वीज चमकते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं पुन्हा शांत. त्या क्षणात भट्टी हजार मेगावॅटच्या वर जाऊन परत येते. तिला कोणी थांबवत नाही. इंधनातच हायड्रोजन मिसळलेला असतो, तो तापला की अणू फोडणारे न्यूट्रॉन अधिक वेगवान होतात, वेगवान न्यूट्रॉनांना अणू फोडणं अवघड जातं आणि फुटण्याची साखळी आपली आपण मंदावते. थांबणं तिच्या अंगातच घातलेलं आहे. मी कठडा घट्ट धरून उभी होते आणि मनात एकच, की आपल्याला हेच करायचं आहे.

बॅज त्या आठवड्यात मिळाला. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना शिकवायला मदत करत असे, म्हणून. दर दोन महिन्यांनी अहवाल यायचा आणि माझ्या नावासमोर 'एम' लिहिलेलं असायचं. म्हणजे मिनिमल, मोजता येईल त्याहून कमी. मोजता येण्याची सर्वांत खालची पायरी १ मिलिरेम, म्हणजे मिलिसिव्हर्टचा शंभरावा भाग, होती आणि मी कायम तिच्या खाली.

पहिलं दीड वर्ष मी स्वतःही कोणाला मोजता येईल त्याच्या खालीच होते असं वाटायचं. क्वालिफायरच्या, म्हणजे पीएच.डी.च्या पात्रतेच्या, तोंडी परीक्षेत एका प्राध्यापकांनी विचारलं, न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या सगळ्या नियंत्रक कांड्या एकदम खाली सोडल्या तर न्यूट्रॉनांची संख्या किती वेगाने उतरेल? मी म्हटलं, लगेच. ते थांबले. मला वाटलं उत्तर पटलं, म्हणून मी आणखी ठासून सांगितलं. खडू त्यांनी माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, लिही. लिहिता लिहिता माझं मलाच दिसायला लागलं. अणू फुटतो तेव्हा बहुतेक न्यूट्रॉन त्याच क्षणी सुटतात, पण युरेनियम-२३५मध्ये दर हजारांतले सहा-सात मागे राहतात. फुटलेल्या तुकड्यांच्या पोटात ते असतात आणि काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने बाहेर पडतात. कांड्या खाली गेल्या की संख्या प्रथम कोसळते, पण त्यानंतर हे रेंगाळलेले तिला धरून ठेवतात. त्यांतला सर्वांत सावकाश येणारा ब्रोमीन-८७मधून येतो, त्याचं अर्धायुष्य सुमारे ५५ सेकंद. शेवटी सगळी भट्टी त्या एकाच्या चालीने उतरते, दर ५५ सेकंदांनी निम्मी. कांड्या कितीही घाईने टाका, त्याला घाई नाही. आणि याच मागे राहणाऱ्या मूठभरांमुळे भट्टी चालवणं माणसाला शक्य होतं. सगळेच तत्काळ निघाले असते तर कांडी हलवायला हात पोचलाच नसता. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा वेळ संपली होती. मी नापास झाले. सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, पण त्या सहा महिन्यांत घरी कोणाला सांगितलं नाही. आई फोनवर विचारायची, "परीक्षा झाली का गं?" मी म्हणायची, "चालू आहे."

माझा प्रयोग मात्र भट्टीपासून दोन इमारती लांब, तळघरात. त्यात युरेनियम नव्हतं, किरणं नव्हती. स्टीलच्या नळ्यांचा एक मोठा चौकोन, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा उंच. खाली विजेचा हीटर, वर थंड करणारी पेटी, आत पाणी. पंप नाही. खालचं पाणी तापलं की हलकं होऊन चढतं, वरचं गार झालं की जड होऊन उतरतं, आणि कोणी न ढकलता पाणी फिरायला लागतं. भट्टी बंद पडल्यावर एवढ्याच साध्या नियमावर तिला निववता यावं, असा सगळा खटाटोप. नियम साधा आहे, पाणी साधं नाही. उष्णता एका ठरावीक मापाच्या पलीकडे गेली की वेग झुलायला लागतो, आधी थोडा, मग जास्त, मग पाणी क्षणभर थांबतं, आणि कधी कधी उलटं फिरायला लागतं. ते कधी झुलेल आणि कधी उलटेल हे आधी सांगता येणं, हा माझा प्रबंध. २०१५चा अख्खा हिवाळा माझी आकडेमोड एक सांगत होती आणि नळ्या दुसरंच करत होत्या. रात्री तळघरात बसून मी काचेच्या तुकड्यातून पाणी बघायची. त्यात एखादा कण तरंगत असायचा, तो वर जायचा, अडखळायचा, मागे यायचा. बाहेर बर्फ, आत हीटरचा हलका गुंजारव आणि तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचे आकडे दर सेकंदाला पडद्यावर बदलणारे. मार्गदर्शक म्हणत, तुझी सीमास्थिती तपास, म्हणजे आकडेमोडीत कडांना धरलेल्या अटी. मी तपासत होते.

एका रविवारी बाबांना व्हिडिओवर तो चौकोन दाखवला. त्यांनी खालपासून वरपर्यंत फोन फिरवायला सांगितलं, दोनदा. मग म्हणाले, "वर हवा धरते का?" मी म्हटलं, "बाबा, हवा निघायला वर नळी ठेवली आहे." "ती आडवी नळी पाणसळ लावून बघितलीस का?" मी बघितली नव्हती. कारागिराने लावली होती, डोळ्याला सरळ दिसत होती. सोमवारी शिडी लावून बघितलं. हवा काढायची नळी एका टोकाला होती आणि आडवी नळी दुसऱ्या टोकाला चार मिलिमीटर वर. त्या चार मिलिमीटरांत हवेची एक चपटी पिशवी तयार होत होती. सगळं पुन्हा उघडून बसवायला सहा आठवडे गेले. त्यानंतर पाणी माझ्या समीकरणांच्या जवळ यायला लागलं, सगळंच नाही, पण मान्य करण्याइतकं. मार्गदर्शकांचं बोलणं आणि बाबांचं बोलणं एकच होतं, हे मला प्रबंध लिहिताना उमगलं. एकाने ते इंग्रजीत गणिताच्या बाजूने सांगितलं होतं, एकाने बोअरवेलच्या पाइपाच्या बाजूने.

दुसरा एक अडथळा कोणाच्या पाणसळीत बसणारा नव्हता. न्यूट्रॉनांची वाटचाल मोजणारा एक संगणकीय प्रोग्राम मला हवा होता, त्याचा परवाना माणसागणिक मिळतो. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या मुलाला तो तीन आठवड्यांत आला, मला आठ महिन्यांनी. नागरिकत्वाच्या रकान्यात मी 'भारत' लिहिलं होतं. कोणी वाईट बोललं नाही, नकारही दिला नाही, फक्त 'विचाराधीन'. १९७४ला पोखरण झालं, त्यानंतर तारापूरला अमेरिकेतून येणाऱ्या इंधनाचा वाद सुरू झाला आणि पुढे ते फ्रान्सकडून घ्यावं लागलं. २००८मध्ये अणुकरार झाला तेव्हा मी बारावीच्या वर्गात वर्तमानपत्रातली ती कात्रणं वहीत चिकटवली होती. माझा जन्म पोखरणनंतर सतरा वर्षांचा, तरी तो अर्ज जणू त्या सगळ्या कागदांच्या खाली दबून पडला होता. मला राग आला आणि त्या रागाखाली दुसरंही काही होतं. हे ज्ञान जपून द्यावं असं मलाही वाटतं. माझ्या हातात परवान्याचा शिक्का असता तर मीही रकाने वाचले असते.

तर तो धुतलेला बॅज. जानेवारीत मी तो परत केला. मार्चमध्ये अहवाल आला आणि माझ्या नावासमोर पहिल्यांदाच आकडा होता. ९ मिलिरेम.

दुसऱ्याच दिवशी किरणसुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलं. चांगला, संथ बोलणारा माणूस. हा बॅज या दोन महिन्यांत कुठे कुठे होता, हे लिहून द्या म्हणाले. मी लिहिलं. खिशात राहिला. विमानाने भारतात गेला आणि आला. सामानाबरोबर एक्स-रे यंत्रातून गेला. धुतला गेला. उन्हात वाळला. एकवीस दिवस घरात होता. त्यांनी वाचून मान डोलावली. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटरवर हवेचं पांघरूण विरळ होतं आणि अवकाशातून येणारी किरणं कितीतरी पटीने वाढतात. एवढ्या लांबच्या दोन प्रवासांचे ९ मिलिरेम होणं स्वाभाविक. कामाच्या जागी मिळालेला हा डोस नाही, तेव्हा नोंदीत दुरुस्ती होईल, असं ते म्हणाले. आठवड्याने सुधारलेला अहवाल आला. ९ खोडून शून्य.

नियमाने ते अगदी बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ जिन्यात बसून राहिले. इतक्या अहवालांत एकदाच माझ्या नावापुढे काही उमटलं होतं, आणि त्या बॅजने आमच्या दोरीवरचं ऊन बघितलं होतं. आईचा प्रश्न पुन्हा समोर आला. आमचा कुठंय? तिला मी मर्यादा सांगितल्या, सरासरी सांगितली, नमुन्यांबद्दल सांगितलं. तिने विचारलं होतं ते एवढंच, की माझ्या अंगावर काय पडतं हे मला कोण सांगणार. माझ्याकडे तिच्यासाठी जगाची सरासरी होती. तिच्या ओट्याचा आकडा नव्हता.

मार्च २०१९मध्ये डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा, झाली. तिकडे दुपारचा एक, घरी रात्रीचे साडेदहा. बाबांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला होता आणि दोघं शेजारी शेजारी बसली होती, आई नेसणीच्या चांगल्या साडीत. पाच जणांची समिती, दोन तास. नळीच्या उताराबद्दलही प्रश्न आला, चार मिलिमीटरांनी निष्कर्ष इतका बदलत असेल तर खऱ्या भट्टीत काय भरवसा? तो प्रबंधातला सर्वांत चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, म्हणूनच शेवटचं प्रकरण त्याच्यावर लिहिलं आहे. मला बाहेर थांबायला सांगितलं, मग आत बोलावून हात मिळवले. सगळे गेल्यावर फोन हातात घेतला तर आई म्हणाली, "तो टकलू म्हातारा शेवटी का हसला?" बाबांनी फक्त विचारलं, "ती नळी दाखवलीस ना त्यांना?" आणि मग त्यांचा आवाज लागला नाही, त्यांनी फोन आईकडे दिला.

त्या मे महिन्यात घरी गेले ती हाताच्या पंजात मावणारा किरणं मोजणारा एक साधा गायगर काउंटर घेऊन. आईला चालू करून दिला. टक... टक-टक... टक. ती कान देऊन ऐकत राहिली. "याला ताल नाही," म्हणाली. मी म्हटलं, नसतोच, पाऊस सुरू होताना पत्र्यावर थेंब पडतात तसं आहे हे, पुढचा कधी ते कोणालाच सांगता येत नाही, पण तासाभरात किती ते सांगता येतं. मग आम्ही दोघी घरभर फिरलो. अंगणात तासाला ०.१० मायक्रोसिव्हर्ट. देवघरात ०.११. स्वयंपाकघराच्या नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ०.१८. आई मागे सरली. मी तिला सांगितलं की दगडातच थोडं असतं, ग्रॅनाइटमध्ये जरा जास्त, आणि जुना ओटा कडप्प्याचा होता म्हणून तिथे कमी आलं असतं. संध्याकाळी शेजारच्या काकांच्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत गेलो, तिथे आकडा उतरला, कारण खाली पाणी होतं आणि जमीन दूर राहिली होती. दक्षिणेला केंद्राची उंच चिमणी. आई यंत्र त्या दिशेने धरून थांबली. आकडा हलला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून तिथेच थांबणं सोपं होतं. पण मी सांगितलं की याला सगळं दिसत नाही. जड पाण्याच्या भट्ट्यांत, तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या आहेत तशा, ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो, त्याची किरणं इतकी दुबळी की या यंत्राच्या भिंतीतून आत येत नाहीत, ते पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. माशाच्या पोटात काय आहे तेही हे सांगणार नाही. "मग हे काय सांगतं?" "तू उभी आहेस तिथे, आत्ता, बाहेरून अंगावर काय येतंय ते." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेवढं तरी."

यंत्र मी तिच्याकडेच ठेवून आले. बॅटरी कशी बदलायची ते बाबांनी समजून घेतलं. आमच्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहितात, तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने. मासळी घेऊन येणारी मावशी ओट्याच्या कडेला टोपली टेकवते, बोंबील मोजता मोजता आत बघून विचारते, "बाय, आज किती?" आणि आई उठून यंत्र घेऊन अंगणात जाते. मागच्या आठवड्यात बाबांनी कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवला, गॅसच्या नंबराची तारीख मला हवी होती म्हणून. प्रत्येक चौकोनात वर दूध आणि खाली आकडा. एक लिटर, ०.११. दीड लिटर, ०.१०. दोन दिवस दूध नाही, आई मामाकडे गेली होती. त्या चौकोनांत वरची जागा कोरी आणि खाली बाबांच्या बारीक, कोरीव अक्षरात, ०.१२, ०.११.